दुसऱ्यांदा सांगताना

आमच्या फलाटकाकांना भाव ओतून वाचता यायचं नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी त्यांना ग्रंथालयात घेऊन आले.

ते माझे सख्खे काका, वडिलांचे थोरले भाऊ. फलाटकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. जन्मभर त्यांनी मोठ्या बसस्थानकावर घोषणा करायचं काम केलं. काचेची खोली, टेबलावर माइक, शेजारी पाण्याचा तांब्या आणि गालात खडीसाखरेचा खडा. कुठली गाडी, कुठून कुठून जाणार, कुठल्या फलाटावर लागलीय, हे सांगायचं आणि लगेच तेच पुन्हा सांगायचं. पहिल्यांदा लोकांचं लक्ष नसतं, दुसऱ्यांदा असतं, असा तिथला हिशेब. निवृत्त झाले तरी जित्याची खोड जाते कुठे? स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा, "चहा झालेला आहे. चहा झालेला आहे." कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा पाय मोडला, कोणाला नोकरी लागली, सगळं एका पट्टीत. आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो, आणि तेही हसायचे, फक्त किती हसले ते बाहेर कळायचं नाही.

या आवाजापायी त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एक गाठ पडली होती आणि ती सुटत नव्हती. काकू गेली तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी, माझी चुलतबहीण, लांबच्या शहरात होती. आम्ही तिला ताई म्हणतो. काकांनी तिला फोन केला. "तुझी आई आज सकाळी गेली. शांतपणे गेली. मिळेल त्या गाडीने निघ." आणि मग श्वास घेऊन हीच तिन्ही वाक्यं शब्दाला शब्द पुन्हा. ताई मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, आता फलाटाचा नंबरपण सांगतील." ती पोचली तेव्हा काका फाटकापाशी उभे राहून गाडीच्या ड्रायव्हरशी वाद घालत होते, की स्मशानाकडे पुलावरून जायचं की बाजारातून. डोळे कोरडे ठणठणीत. त्या संध्याकाळी ताईने त्यांना विचारलं, "बाबा, शेवटी आई काही बोलली का? माझी आठवण काढली का?" काका म्हणाले, "शांतपणे गेली." एवढंच. पुढे ताईने पुन्हा विचारलं नाही. दर रविवारी ती फोन करायची, औषध घेतलंत का, ऊन फार आहे का, ठेवते. मला एकदा म्हणाली, "आईचं माझ्यावाचून काही अडलं नाही, एवढं मला कळलं. मुलगी म्हणून याच्यापुढे काय बोलायचं असतं?" मला तिचं फार वाईट वाटायचं आणि काकांचा रागही यायचा. माणसाने इतकं मूग गिळून बसावं?

आता ग्रंथालयाचं सांगते. आमचं ग्रंथालय कानांनी वाचणाऱ्यांचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो, आणि ती खोली माझ्या ताब्यात असते. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, पंखा मुद्रण चालू असताना बंद, त्यामुळे उन्हाळ्यात वाचणारा आणि मी दोघेही उकडून निघतो. वाचताना चूक झाली की टेबलावर टिचकी मारायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. नंतर टिचकी ऐकून मी तेवढा भाग कापते.

आमच्याकडे एक ऑपरेटरबाई येतात. इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळतात, जन्मापासून दिसत नाही, आणि जीभ अशी की समोरच्याला दिसत असून उपयोग नाही. संध्याकाळच्या कॉलेजात साहित्याचं एम. ए. करत होत्या. त्या वर्षी एक पेपर होता, साहित्य म्हणून बायबल. "धर्म बाजूला ठेवा, गोष्ट कशी सांगितलीय ते बघा, असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले," त्यांनी मला सांगितलं. "अर्धा वर्ग तिथेच नाराज झाला आणि अर्धा खूश. मी कशातच नव्हते. मला पास व्हायचं होतं."

दिवसभर बोर्डावर बसून त्यांची बोटं दमायची, ब्रेलचे जाडजूड खंड उलगडायला जीव उरायचा नाही. म्हणून नेमलेले भाग आम्ही ध्वनिमुद्रित करून द्यायचे ठरले. आमच्या वाचकांत एक नटीबाई होत्या, नाटकातून निवृत्त झालेल्या. त्यांनी मोठ्या हौसेने सुरुवात केली. म्हातारा बाप देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाचा बळी द्यायला त्याला डोंगरावर घेऊन जातो, ती गोष्ट. नटीबाईंनी अशी वाचली की माझ्या अंगावर काटा आला. बापाचा आवाज कापरा, मुलाचा कोवळा, मध्ये मध्ये हुंदके. मी खूश होऊन ते ऑपरेटरबाईंना ऐकवलं. त्यांनी अर्ध्यावर कानांवरचं यंत्र काढलं.

"अहो, मूळ गोष्टीत तो बाप मनातलं एक अक्षर बोलत नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, चालायला लागतो. त्याला काय वाटलं ते लिहिणाऱ्याने लिहिलेलंच नाही. ते मी माझ्या मनाने भरायचं, अशी रीत आहे त्या गोष्टीची. तुमच्या बाईंनी सगळं आधीच रडून टाकलं. माझ्यासाठी शिल्लक काय?"

मी म्हटलं, "मग कसा वाचणारा हवा तुम्हाला?"

"ज्याला काही वाटतंय की नाही ते कळत नाही, असा."

असा माणूस माझ्या घरातच होता.

काका आधी तयार होईनात. म्हणाले, "मला फक्त गावांची नावं वाचता येतात." मी म्हटलं, तेवढंच हवंय. इस्त्रीचा शर्ट घालून, खडीसाखर घेऊन ते आले आणि माइकसमोर कधी उठलेच नसल्यासारखे बसले. तीच गोष्ट त्यांनी वाचली. लाकडं, विस्तव, सुरी, एकामागून एक थांबे आल्यासारखी. मुलगा बापाला विचारतो, सगळं आहे पण बळीचं कोकरू कुठेय, तेही त्याच आवाजात. आणि बापाचं उत्तरही. नटीबाईंच्या वेळी माझ्या अंगावर काटा आला होता. या वेळी मला श्वास घ्यावासा वाटेना. टेबलापलीकडे ऑपरेटरबाई यंत्र कानांना दाबून धरून बसल्या होत्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या येतील का, विचारा."

काका रोज येऊ लागले. माणूस किती सुखावला ते त्यांच्या शर्टाच्या कडक इस्त्रीवरून कळायचं. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका, अशा लांबच लांब वंशावळी इतर वाचक टाळायचे. काका त्या आवडीने वाचायचे, एकही नाव न अडखळता, आणि ऐकताना खरंच एखादी गाडी पिढ्यांमधून चालल्यासारखी वाटायची. येशूची हकीकत चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलेली. त्यातल्या एकाला भारी घाई, लगेच हे झालं, लगेच ते झालं. काकांना तो फार पटला. "हा माणूस स्टँडवरचा आहे," म्हणाले, "गाडी सुटायच्या आत सांगून मोकळा होतो." दुसरा होता त्याला बारीकसारीक तपशील हवेत, कोण कोणाच्या घरी जेवायला गेलं, कोण रडलं. चौथा तर संथपणे लांब लांब बोलणारा. "याला प्रवासी नकोत, श्रोते हवेत," असा काकांनी शेरा मारला. ऑपरेटरबाई म्हणाल्या, हे मी उत्तरपत्रिकेत लिहिणार, नाव मात्र तुमचं देणार नाही.

बायबलातल्या प्रेमगीतांपाशी मात्र काकांची गाडी बंद पडली. प्रियकर प्रेयसीच्या केसांचं, दातांचं, मानेचं वर्णन करत खाली खाली येतो. काकांनी ते बसच्या सुट्या भागांची यादी वाचावी तसं वाचलं, कान लाल झालेले, आणि एका जागी टिचकी मारून म्हणाले, "पुढचं मी वाचणार नाही. माझी पुतणी इथे बसलीय." ऑपरेटरबाई हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसल्या. मग ती गीतं नटीबाईंना दिली आणि त्यांनी त्यांचं सोनं केलं. ज्याचं काम त्यानेच करावं.

म्हाताऱ्या बापाच्या गोष्टीत पुढे त्याची बायको मरते. ते प्रकरण मी विसरणार नाही. नवरा तिच्यासाठी रडला, हे लिहिणाऱ्याने एका ओळीत सांगून टाकलंय. पुढचं सगळं प्रकरण तिला पुरायला जमीन कशी घेतली त्याचं. मालक म्हणतो फुकट घ्या, हा म्हणतो नाही, रीतसर देईन; लोक बसलेत, बोलणी चाललीत, शेत कुठलं, त्याच्या कडेची झाडं कुठली. काकांनी एकही चूक न करता ते वाचलं. संपल्यावर पाणी प्यायले. मग माइक बंद आहे ना, असं खुणेने विचारलं आणि म्हणाले, "बाई, हा रडला एकदाच आणि जमिनीचं इतकं लावून धरलंय. लोकांना काय वाटलं असेल याच्याविषयी?"

ऑपरेटरबाईंना आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "लोकांचं सोडा हो काका. मला तर वाटतं, त्याला जेवढं रडायचं होतं तेवढं त्याने त्या जमिनीच्या सौद्यात घातलं."

काकांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. माझ्या डोळ्यांपुढे फाटकापाशी ड्रायव्हरशी भांडणारे काका आले आणि मला माझ्या रागाची लाज वाटली.

त्याच्या पुढच्याच प्रकरणात काकांनी घोटाळा केला, आणि तो जगात फक्त त्यांनाच करता आला असता. म्हातारा आपल्या जुन्या नोकराला, डोंगरावर ऐनवेळी वाचलेल्या त्या मुलासाठी बायको शोधायला पाठवतो. नोकर दूरच्या गावी जातो, विहिरीवर मुलगी भेटते, ती त्याला पाणी देते, त्याच्या उंटांनाही पाजते. हे सगळं सविस्तर येतं. मग तो मुलीच्या घरी जातो आणि तीच हकीकत तिच्या घरच्यांना पहिल्यापासून सांगतो, पुन्हा तेवढीच लांब. काकांनी पाहिलं, अरे, हे तर दुसऱ्यांदा आलंय. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी दुसऱ्या खेपेला पुस्तकाकडे बघितलंच नाही. 'तो'च्या जागी 'मी' घातला आणि पहिली खेप जशीच्या तशी म्हणून दाखवली. पाठांतर असं की मलाही कळलं नाही.

ऑपरेटरबाईंनी दोनच दिवसांत पकडलं. "काका, सरांनी अख्खा तास ज्याच्यावर घेतला तेच तुम्ही गाळलंत!"

"गाळलं कुठे? दोनदा वाचलं."

"दोनदा तेच वाचलंत. तो तेच सांगत नाही." मग त्यांनी समजावलं. खरं घडलं तेव्हा नोकराने मुलीला आधी दागिना दिला आणि मग विचारलं, तू कोणाची. घरच्यांना सांगताना तो म्हणतो, आधी विचारलं कोणाची, मग दागिना घातला. कारण समोर तिचे घरचे बसलेत. ओळख ना पाळख आणि पोरीला दागिने देतो, असं त्यांनी म्हणू नये. "दुसऱ्यांदा सांगताना माणूस काय हलवतो, काय ठेवतो, काय सोडतो, तिथे गोष्ट असते काका. या लोकांची लिहिण्याची खुबीच ती. त्यांची गाणीसुद्धा तशीच, एक ओळ सांगते, दुसरी तेच सांगते, पण दुसरी जरा खोल जाते."

काकांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे दुसरी पहिल्यासारखी नसली तर प्रवासी चुकीच्या गाडीत चढतात," ते म्हणाले. पण त्यांनी प्रकरण पुन्हा वाचलं, आणि दागिन्याच्या जागी आले तेव्हा त्यांच्या आवाजात अगदी बारीकसा फरक पडला. मी तो भाग कापला नाही.

त्यानंतर काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि वाचन थांबलं. डोळ्यांत थेंब घालायला माणूस हवा म्हणून ताई आठवड्याची रजा काढून आली. कर्तव्यात कधी कसूर नाही तिची. वेळच्या वेळी थेंब, वेळच्या वेळी जेवण, आणि मधल्या वेळात दोघं बापलेक एकाच खोलीत दोन वर्तमानपत्रांसारखी घडी घालून बसलेली. मला ते बघवेना. काकांना घरी करमत नव्हतं म्हणून एका दुपारी मी दोघांना ग्रंथालयात घेऊन आले. डोळ्यावर पारदर्शक झाकण लावलेले काका कोपऱ्यातल्या खुर्चीत, ताई त्यांच्या शेजारी. ऑपरेटरबाई दुरुस्त केलेलं प्रकरण ऐकायला आल्या होत्या, ते मी लावलं.

ताई लक्ष देऊन ऐकत होती. नोकराची दुसरी खेप सुरू झाल्यावर तिने विचारलं, "हे मघाशी झालं ना?"

"झालं," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "पण आता ऐकणारे निराळे आहेत. म्हणून जरा निराळं सांगतो." आणि दागिन्याची गंमत त्यांनी तिला सांगितली. काकांचा घोटाळाही सांगितला, मीठमसाला लावून. काका हसले.

ताई हसली नाही. तिने यंत्राकडे बघत म्हटलं, "बाबा, आईचं तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. शब्दाला शब्द."

मी यंत्र बंद केलं. ऑपरेटरबाई काठी शोधू लागल्या, "मी बाहेर थांबते."

"बसा बाई," काका म्हणाले.

"तेव्हा फोनवर होते मी," ताई म्हणाली. "आता समोर बसलेय. पुन्हा सांगता का?"

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, आता 'शांतपणे गेली' येणार आणि ताई उठून जाणार. ते बोलायला लागले ते त्याच आवाजात, स्टँडवरच्या.

"त्या दिवशी सकाळी तुझी आई जागी झाली. पाणी मागितलं. मी दिलं. मग म्हणाली, पोर कुठेय? आदल्या दिवसापर्यंत तीच म्हणत होती, तिचं लेकरू तापाने फणफणलंय, तिला धावायला लावू नका. डॉक्टर पण म्हणाले होते, घाई नाही. म्हणून मी तुला कळवलं नव्हतं. पण तिला तसं सांगवेना. मी म्हटलं, निघालीय."

"मी निघाले नव्हते," ताई पुटपुटली.

"नव्हतीस. तुला कुठे माहीत होतं? थोड्या वेळाने तिने विचारलं, कुठवर आली? मी म्हटलं, पुलापर्यंत आली. पुन्हा विचारलं. म्हटलं, नाक्यावर उतरली. मग म्हटलं, गल्लीत शिरली. ती विचारत गेली, मी सांगत गेलो. मग ती म्हणाली, अहो, दार उघडा, बाहेर उभी राहील ती. मी उठलो. दार उघडलं. बाहेर कोणी नाही हे मला माहीत होतं. तरी मी जरा वेळ बघत उभा राहिलो. परत आलो तर ती गेली होती."

ते थांबले. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

"शांतपणे गेली, असं मी तुला सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. मी दारात होतो."

मला रडू आवरेना. ऑपरेटरबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. ताई खुर्चीतून उतरून काकांच्या पायांशी जमिनीवर बसली होती आणि लहान मुलीसारखी रडत होती. "का नाही सांगितलंत, बाबा? इतकी वर्षं?"

"काय सांगू? तिने तुला बोलावलं आणि मी तुला आणलं नाही, हे?"

झाकणाखालून काकांच्या गालावर पाणी ओघळलं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलेलं, ते मला आठवलं आणि मी मूर्खासारखी म्हणालेदेखील, "काका, डोळा." कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळाने ताईने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही परत आलात तेव्हा तिचं तोंड कुठे होतं?"

"दाराकडे."

"म्हणजे आईच्या लेखी मी आलेच होते."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आली होतीस," ते म्हणाले. "वेळेवर आली होतीस."